कधी चुकलो म्हणायचं, ते आधी सांगा

फोनवर एकाच सकाळी दोन बातम्या आल्या होत्या. एक म्हणत होती, आपल्या विश्वासारखी अगणित विश्वं असू शकतात असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. दुसरी म्हणत होती, गुरू राशी बदलतोय, अमुक राशीच्या लोकांचे अडकलेले पैसे सुटतील. अकरावीत सायन्सला असलेल्या माझ्या भाचीने दोन्ही वाचल्या आणि विचारलं, "मामा, दोन्ही न दिसणारंच आहे ना? मग एकाला विज्ञान का म्हणायचं?"

"कारण ते शास्त्रज्ञ सांगतात," असं मी पटकन म्हणून गेलो. हे उत्तर चुकीचं होतं. कोण सांगतंय यावर विज्ञान ठरत नाही. कल्पना किती अजब आहे यावरही ठरत नाही, कारण विज्ञानातल्या कित्येक खऱ्या गोष्टी ऐकायला कुठल्याही भविष्यापेक्षा विचित्र वाटतात. मग कशावर ठरतं, ते तिला नीट सांगायचं होतं. हा लेख त्यासाठीच आहे.

## साबणाच्या पाण्याची कसोटी

गॅसचा वास येतोय असं वाटलं की आपण रेग्युलेटरपाशी साबणाचं पाणी लावतो. बुडबुडे आले तर गळती आहे, नाही आले तर तिथे गळती नाही. पाणी लावण्याआधीच आपल्याला ठाऊक असतं, काय दिसलं तर आपली शंका खोटी ठरेल.

आता समजा, बुडबुडे आले नाहीत आणि शेजारचे काका म्हणाले, "ही गळती वेगळी आहे, तिचे बुडबुडे येत नाहीत." तुम्ही म्हणालात, वासही नाही. "हिला वास नसतो." सिलिंडर तर नेहमीइतकाच पुरला. "हिने सिलिंडर लवकर संपत नाही." काकांना खोटं पाडणं आता अशक्य झालं. पण बुडबुडे नाहीत, वास नाही, गॅसही कमी होत नाही, तर 'गळती आहे' या वाक्यात उरलं काय? गळती असलेलं घर आणि नसलेलं घर यात काही फरकच राहिला नाही.

काय घडलं तर आपलं म्हणणं चूक ठरेल, हे सांगता येण्याच्या गुणाला तत्त्वज्ञानात 'खंडनक्षमता' म्हणतात. कार्ल पॉपर या व्हिएन्नात वाढलेल्या तत्त्वज्ञाने हा विचार ठळकपणे मांडला. त्याच्या मनात तो रुजला 1919 च्या सुमारास. त्या वर्षी 29 मे रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश सुमारे 1.75 विकला वाकेल, असं आइन्स्टाइनने आधीच आकड्यात सांगून ठेवलं होतं. (एका अंशाचा 3600 वा भाग म्हणजे एक विकला.) प्रकाश तेवढा वाकला नसता, तर सिद्धांत अडचणीत आला असता. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मोजमापांनी आइन्स्टाइनच्या बाजूने कौल दिला. त्याच सुमारास तरुण पॉपर मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलरबरोबर काम करत होता. ॲडलरच्या न्यूनगंडाच्या सिद्धांतात बसत नाही असं वाटणारं एका मुलाचं उदाहरण त्याने ॲडलरला सांगितलं. मूल न पाहताच ॲडलरने ते आपल्या सिद्धांतात बसवून दाखवलं. पॉपरला धक्का बसला तो इथे. प्रत्येक गोष्ट बसवून दाखवणं ही त्या सिद्धांताची ताकद मानली जात होती. पॉपरला त्यात त्याची कमजोरी दिसली.

यात एक गोष्ट निसटू नये. तपासता येण्याजोगं म्हणजे खरं असं नव्हे. 'पृथ्वी सपाट आहे' हे विधान उत्तम तपासता येतं. तपासलं, आणि ते खोटं निघालं.

## पुण्यातला एक प्रयोग

हा सगळा विचार आपल्याच मातीत कसा उतरला, याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण पुण्यातलं आहे. 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत 'ज्योतिर्विज्ञान' शिकवण्याचा निर्णय घेतला. त्याविरुद्धची याचिका 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. 'विज्ञान' हा शब्द नावात आला की त्यामागे अभ्यासक्रम, पदव्या आणि सार्वजनिक पैसा येतो. म्हणून ही चर्चा निव्वळ तात्त्विक नाही.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी ठरवलं की वाद घालण्यापेक्षा मोजावं. त्यांच्यासोबत होते पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, आणि ज्योतिष आतून जाणणारे व पुढे त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे. पत्रिकेवरून माणसाची बुद्धी कळते, असं ज्योतिषी सांगतात. म्हणून त्यांनी 200 मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. त्यातली 100 मुलं अभ्यासात हुशार आणि 100 बौद्धिक अक्षमता असलेली. पत्रिका मांडल्या, त्यांची सरमिसळ केली, आणि प्रत्येक ज्योतिष्याला 40 पत्रिका पाठवल्या. काम एकच: कोणती कुठल्या गटातली, ते सांगा. खरी उत्तरं कुंट्यांच्या देखरेखीखाली विद्यापीठात राहिली.

तयारी 51 ज्योतिष्यांनी दाखवली, उत्तरं 27 जणांची आली. नुसतं नाणं उडवून उत्तरं दिली तर 40 पैकी सरासरी 20 बरोबर येतात. या 27 जणांची सरासरी त्याहूनही खाली राहिली. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या, त्यांची 102 उत्तरं बरोबर आली.

सर्वांत चांगली कामगिरी होती 40 पैकी 24. हा आकडा ऐकून कुणी म्हणेल, "बघा, त्या एकाला तर विद्या येत होती!" इथे थोडं थांबून हिशेब करायला हवा. 27 माणसांनी प्रत्येकी 40 वेळा नाणं उडवलं, तर त्यातल्या तिघाचौघांना 24 किंवा अधिक वेळा छापा मिळणं ही साधी अपेक्षा आहे. 28 किंवा जास्त आले असते तर गोष्ट वेगळी होती, कारण एका माणसाला निव्वळ योगायोगाने तेवढे मिळण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते. तिथवर कुणी पोचलं नाही.

## "पण ती चाचणीच चुकीची होती"

हा पहिला आक्षेप, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. जन्मवेळ दोन मिनिटांनी चुकली असेल तर? चांगल्या ज्योतिष्यांनी भागच घेतला नसेल तर? आईवडिलांच्या पत्रिका पाहायला हव्या होत्या का?

यातला प्रत्येक प्रश्न योग्य असू शकतो, एका अटीवर: तो निकालाच्या आधी विचारला गेला पाहिजे. जन्मवेळ इतकी नाजूक असेल, तर चुकीच्या वेळेच्या पत्रिकेवरून भविष्य सांगताना ही अडचण का आठवत नाही? आणि आईवडिलांच्या पत्रिका हव्या असतील, तर त्या घेऊन नवी चाचणी आखता येते. 'पुढच्या वेळी असं करा, आणि तरीही अमुक आकडा आला नाही तर मी माघार घेईन' असं जो म्हणतो, तो ज्योतिषी असला तरी विज्ञानाच्या रीतीने वागतो आहे. मला या प्रयोगातून कळलेली मुख्य गोष्ट हीच. 'विज्ञान' हे शिक्कामोर्तब एखाद्या विषयावर कायमचं बसत नाही, ते दावा करणाऱ्याच्या वागण्यावर बसतं. ज्योतिषातली ठोस विधानं तपासता येतात, ती तपासली की पडतात. ती पडल्यावर जी पळवाट काढली जाते, ती तपासता येत नाही.

अशी पळवाट घरातही दिसते. आईच्या गुडघ्यांसाठी आणलेल्या एका औषधाबद्दल विक्रेत्याने सांगितलं होतं, दुखणं कमी झालं तर औषध लागू पडलं, वाढलं तर 'रोग बाहेर पडतोय', आणि काहीच झालं नाही तर मात्रा वाढवा. तिन्ही उत्तरांत औषध बरोबरच. आठ महिने आम्ही ते घेतलं. घेण्याआधीच 'किती दिवसांत किती फरक पडला नाही तर थांबायचं' हे विचारून ठेवायला हवं होतं, हे मला नंतर कळलं.

## स्वतःच्या सिद्धांतालाही तोच न्याय

नारळीकरांचं उदाहरण मला भावतं त्याचं दुसरंही कारण आहे. दुसऱ्यांच्या दाव्यांना लावलेली कसोटी त्यांच्या स्वतःच्या कामालाही लागली, आणि ती त्यांना सोयीची नव्हती.

1948 मध्ये फ्रेड हॉईल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी 'स्थिर स्थिती'चा सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावतं, पण त्याला सुरुवात नाही. दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) दूर जाताना मोकळ्या होणाऱ्या जागेत फार हळूहळू नवं द्रव्य जन्माला येतं, म्हणून विश्व कुठूनही आणि कधीही पाहिलं तरी एकूण सारखंच दिसतं. केंब्रिजला गेलेले कोल्हापूरचे नारळीकर हॉईल यांचे विद्यार्थी आणि या सिद्धांताचे पाठीराखे झाले.

शून्यातून द्रव्य निर्माण होतं हे ऐकायला किती धाडसी! तरीही हा सिद्धांत पक्का वैज्ञानिक होता, कारण त्याने स्वतःची मान पुढे केली होती. लांबचं पाहणं म्हणजे जुनं पाहणं, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो. विश्व कायम सारखं असेल, तर लांबच्या विश्वाची घडणही जवळच्यासारखीच दिसली पाहिजे. केंब्रिजमधल्याच मार्टिन राइल यांनी रेडिओ लहरी सोडणारे स्रोत मोजले, तेव्हा अंधूक, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. मग 1965 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणारं एक मंद प्रारण जाहीर केलं, तापमान जेमतेम 3 केल्व्हिन, म्हणजे उणे 270 अंश सेल्सिअस. अतितप्त सुरुवातीची अशी ऊब उरलेली असेल, हे आल्फर आणि हर्मन यांनी 1948 मध्येच सांगितलं होतं. मूळ स्थिर स्थितीला हे झेपलं नाही, आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाला अतितप्त सुरुवात होती या सिद्धांताकडे वळले.

हरलेला सिद्धांत म्हणून त्याची हेटाळणी करावी असं मला अजिबात वाटत नाही. तो हरू शकला, हा त्याचा सन्मान आहे. बाँडी तर पॉपरच्या विचाराचे मोठे चाहते होते.

## "सिद्धांत मोडला की शास्त्रज्ञही ठिगळं लावतात"

लावतात. नारळीकरांनीही हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत 1993 मध्ये सुधारित सिद्धांत मांडला (त्यात विश्व आवर्तनांत फुगतं आणि आकसतं), आणि 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं तोवर महास्फोट त्यांना पटला नव्हता. बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना ही सुधारणा ओढूनताणून केलेली वाटली, आणि माझा कलही बहुसंख्यांकडे आहे. तरी एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. या सुधारित सिद्धांतानेही नवे धोके पत्करले होते. तो खरा असेल तर विश्वाच्या मागच्या आवर्तनातले, महास्फोटाच्या हिशेबात न बसणारे अतिवृद्ध तारे कुठेतरी सापडले पाहिजेत.

ठिगळ लावणं हा गुन्हा नाही. ते ठिगळ तपासता येतं का, हे पाहायचं. याची दोन जुनी उदाहरणं एकाच माणसाची आहेत. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्सच्या ल व्हेरिएने न्यूटनला सोडलं नाही. तो म्हणाला, पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे, आणि दुर्बीण कुठे रोखायची तेही सांगितलं. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनमध्ये गाले या खगोलशास्त्रज्ञाने तिथे दुर्बीण लावली, आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेत शतकाला सुमारे 43 विकलांचा फरक उरत होता, तेव्हा त्याने तीच युक्ती परत वापरली: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याचं नावही ठरलं, व्हल्कन. शोधणारे वर्षानुवर्षं शोधत राहिले, व्हल्कन काही सापडला नाही. शेवटी 1915 मध्ये आइन्स्टाइनने नवा ग्रह न मानता तो फरक भरून काढला.

एक ठिगळ टिकलं, एक गळून पडलं. दोन्ही विज्ञानच होती, कारण दोन्हींनी दुर्बीण कुठे रोखायची ते सांगितलं होतं. 'व्हल्कन आहे, पण तो दुर्बिणीला दिसत नाही आणि कुणावर परिणामही करत नाही' असं ल व्हेरिए म्हणाला असता, तर तो आपल्या गॅसवाल्या काकांच्या बाजूला जाऊन बसला असता.

## घडून गेलेलं कसं तपासणार?

"उत्क्रांती कुणी पाहिली? ती प्रयोगशाळेत परत घडवता येते का?" हा आक्षेप वारंवार येतो. पण भाकीत भविष्याबद्दलच असावं लागत नाही, पुढे काय सापडेल याबद्दल असलं तरी चालतं. माशांपासून चार पायांचे प्राणी आले असतील, तर दोन्हींच्या मधला जीव सुमारे 37 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ पाण्यात साचलेल्या खडकांत मिळायला हवा. संशोधकांनी तसे खडक नकाशावर हेरले, कॅनडाच्या उत्तरेकडच्या गोठलेल्या बेटावर गेले, आणि 2004 मध्ये त्यांना टिकटालिक सापडला. खवले माशाचे, मान मात्र वळणारी, आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं.

इतिहासातले दावेही असेच तपासता येतात. हे सांगायचं तर आपल्या कोकणातली एक लाडकी गोष्ट तपासावी लागेल. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि सांगतात, 1868 च्या ग्रहणात लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने इथूनच हेलियम शोधला. मलाही ते खरं असावं असं फार वाटत होतं. पण 18 ऑगस्ट 1868 च्या त्या ग्रहणाचं निरीक्षण जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने केलं गुंटूरहून, आणि लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ग्रहणाशिवाय सूर्यज्वाळांचा वर्णपट (रंगांत विभागलेला प्रकाश) त्याने पाहिला तो 20 ऑक्टोबरला, तिथूनच. विजयदुर्गाला तो आला होता हे खरं, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. गोष्टीतली तारीख तपासता येण्याजोगी होती, म्हणून ती दुरुस्त झाली. ओटे खरे आहेत, आणि त्यांचा मान कमी व्हायचं काही कारण नाही.

## मग ती अनेक विश्वं?

आता भाचीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणांत अवकाश प्रचंड वेगाने फुगलं, अशी एक मांडणी आहे. तिच्या काही रूपांत हे फुगणं सगळीकडे एकदम थांबत नाही आणि आपल्यासारखे अनेक बुडबुडे तयार होतात. तिथून प्रकाशच आपल्यापर्यंत पोचत नसेल, तर तपासायचं कसं?

काहींनी वाट काढायचा प्रयत्न केला. दोन बुडबुडे कधी काळी एकमेकांवर आपटले असतील, तर त्या 3 केल्व्हिनच्या प्रारणात गोलाकार ठसे उमटायला हवेत. 2011 मध्ये डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या आकाशचित्रात ते शोधले गेले, ठाम पुरावा मिळाला नाही. हा भाग विज्ञानाचा. पण 'ठसे नसले तरी विश्वं आहेतच, ती आपटली नसतील' इथवर कुणी पोचलं, की तो तर्क झाला, मग बोलणाऱ्याला नोबेल का मिळालेलं असेना. बातमी देताना 'सिद्ध झालं', 'अंदाज आहे' आणि 'कल्पना आहे' हे तीन वेगळे शब्द वापरले, तर वाचकाचा निम्मा गोंधळ मिटेल. मराठी माध्यमांकडून माझी ही कळकळीची मागणी आहे.

आणि तपासता न येणारं सगळं फुकट, असं मी म्हणत नाही. विठ्ठलापुढे उभं राहून वारकऱ्याला जे वाटतं, त्याला साबणाचं पाणी लावायला मी जाणार नाही. तो आपल्या अनुभवाला प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागत नाही. अडचण येते ती प्रमाणपत्र हवं पण परीक्षा नको, अशा वेळी.

## आज नाही, म्हणजे कधीच नाही?

हा सर्वांत अवघड आक्षेप. 1835 मध्ये ऑग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलं की तारे कशाचे बनले आहेत हे आपल्याला कधीच कळणार नाही. 1859 मध्ये किर्शहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवलं की प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखता येतं. हेलियम तर आधी सूर्यावर ओळखला गेला आणि पृथ्वीवर 1895 मध्ये रॅम्झीला मिळाला. गुरुत्वीय लहरींचं, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचं भाकीत 1916 चं, थेट नोंद 14 सप्टेंबर 2015 ची. अशा लहरी टिपणारी 4 किलोमीटर लांब भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ उभारायची आहे.

म्हणून न तपासलेल्या कल्पनांना दार बंद करू नये. त्यांना 'अजून तपासलेली नाही' असं नाव द्यावं आणि रस्ता शोधत राहावं. जीवसृष्टीचं बीज अवकाशातून पृथ्वीवर आलं असेल, ही हॉईल आणि विक्रमसिंघे यांची कल्पना कित्येकांना कादंबरीतली वाटत होती. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल 2005 मध्ये हैदराबादहून एक भला मोठा फुगा सोडला. त्याच्यासोबत पोलादाच्या निर्जंतुक, निर्वात नळ्या होत्या. त्यांनी 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांनी तपासणी केली, तेव्हा जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं आणि एकीला आर्यभटाचं. 2009 मध्ये हे जाहीर करताना इस्रोने त्याच निवेदनात म्हटलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले, असं यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही.

हे सांगून झाल्यावर भाचीने वही पुढे ओढली आणि विचारलं, "मग काय सापडलं असतं, तर ते वरून आले असं म्हणता आलं असतं?" त्यानंतरचा तासभर आम्ही कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंबद्दल बोलत होतो: पृथ्वीवरच्या जीवांत त्यांचं प्रमाण किती असतं, आणि त्या जिवाणूंत ते किती वेगळं निघालं तर तिला पटेल. तो आकडा तिने आधी लिहून ठेवला.